भायखळ्याच्या फूटपाथवरची रोजची फेरी

10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फूटपाथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ओल्गा टेलिस खटला म्हणून तोंडपाठ असतो. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, हे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने त्यात मान्य केलं. भायखळ्याच्या फूटपाथवर मात्र त्या निकालातली दुसरीच ओळ पोचली. 31 ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना हात लावू नका, असं न्यायालयाने महापालिकेला बजावलं होतं. म्हणजे 1 नोव्हेंबरपासून पाडापाडीच्या गाड्या येणार.

त्या चार महिन्यांत आणि त्यापुढच्या जवळपास दोन दशकांत या फूटपाथवरच्या बायकांनी काय केलं, ते इथे पाहायचं आहे. बेघरांसाठी काम म्हटलं की आपल्याला आधी थंडीतलं ब्लँकेटवाटप आठवतं, नाहीतर रुग्णालयाच्या दारातली खिचडी. त्यात वाईट काही नाही. रात्री उपाशी असलेल्याला खिचडीच लागते, परिसंवाद लागत नाही. पण वाटणारा निघून गेल्यावर फूटपाथ होता तसाच राहतो. भायखळ्यात तो तसा राहिला नाही, आणि त्याचं श्रेय मी कुठल्या योजनेला देत नाही. रोज झोपडी-झोपडीवर जाऊन रुपया-दोन रुपये गोळा करणाऱ्या बायकांच्या फेरीला देतो. रेशनकार्डं, कर्जं, घरं, सरकारी निर्णय, जे काही झालं ते त्या फेरीच्या मागून आलं.

फूटपाथवर कोण राहत होतं

खटल्याचं मूळ 1981 सालातलं. 13 जुलैला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. लगेच, भर पावसाळ्यात, पाडापाडी सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि खुद्द फूटपाथवर राहणारी काही माणसं न्यायालयात गेली.

निकालपत्रात या माणसांची माहिती चार-चार ओळींत दिली आहे, आणि मला त्या ओळी तत्त्वचर्चेपेक्षा बोलक्या वाटतात. एक अर्जदार संगमनेरचा. चपला-जोडे शिवून गावात दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. घर पडलं तसा तो 1969 साली मुंबईला आला. साडेतीनशे रुपये महिन्यावर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या एका गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे लागले. म्हणजे फूटपाथची जागाही फुकट नव्हती. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार ओतून त्याने ती ‘विकत’ घेतली होती.

भायखळ्याची गोष्टही याच्या आसपासचीच. सोफिया झुबेर रोड, झूला मैदानाच्या बाजूचा पट्टा, मेघराज सेठी मार्गाच्या आजूबाजूचे रस्ते इथे भिंतीला टेकून एकेरी ओळीत झोपड्या होत्या. समोर रहदारी, मागे एखाद्या गिरणीची किंवा गोदामाची भिंत. वस्तीत बिहारमधून आलेली मुसलमान कुटुंबं बरीच होती, तशी तमिळ, तेलुगू आणि मराठीही. चालत जाण्याच्या अंतरावर मंडई, गोदी, रे रोडचा लाकूडबाजार, आणि धुण्याभांड्यांची कामं देणाऱ्या जुन्या चाळी आणि इमारती. रेल्वेच्या पासाचे पैसे वाचतात, हे फूटपाथवर राहण्याचं मोठं कारण होतं. ‘एवढ्या लांब स्वस्त जागा आहेत, तिकडे का जात नाहीत’ असं विचारणाऱ्याने हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

मोजलं गेलं नाही की नसल्यातच जमा

निकालातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 1976 च्या झोपडपट्टी गणनेत ज्या फूटपाथवासीयांची नोंद झाली, त्यांना मालाडच्या मालवणीला किंवा दुसरीकडे सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, पण ती हटवण्याची पूर्वअट नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ऐकायला दिलासा. पण त्या गणनेत फूटपाथवरचे लोक बहुतांशी आलेच नव्हते. गणना झोपडपट्ट्यांची होती आणि फूटपाथ ही झोपडपट्टी धरली जात नव्हती. त्यामुळे न्यायालयाने दार किलकिलं केलं, आणि ज्यांच्यासाठी केलं ते यादीतच नाहीत.

नेमकं इथे ‘स्पार्क’ ही नवी संस्था आली. 1984 साली ती स्थापन झाली होती. संस्थापकांपैकी शीला पटेल या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या. त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आधी नागपाड्याच्याच परिसरात कल्याणकारी कामात काही वर्षं काढली होती. बालवाडी, लसीकरण, शिवणवर्ग अशी कामं चालायची, पण फूटपाथवरची माणसं जिथल्या तिथे, हे पाहून त्या बाहेर पडल्या. कार्यालय म्हणून मिळालं ते भायखळ्याच्या पालिका दवाखान्यामागचं एक गॅरेज. ही जागा पुढे फार उपयोगी पडली. दारावर रखवालदार नाही, आत टेबलापलीकडे साहेब नाही. कडेवर मूल घेऊन आलेली बाई थेट फरशीवर येऊन बसू शकते, आणि आलीच आहे तर दुपारभर तिथेच पंख्याखाली थांबू शकते.

निकालानंतरच्या महिन्यांत स्पार्कच्या लोकांनी पालिकेच्या ई वॉर्डातले, म्हणजे भायखळ्याच्या भागातले फूटपाथ आणि काही मोठे रस्ते धरून घरोघर पाहणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं, सुमारे 27 हजार माणसं. अहवालाचं नाव होतं ‘वी, द इन्व्हिजिबल’. त्यातून निघालं ते शहराच्या समजुतीच्या अगदी उलट होतं. ही माणसं काल-परवा आलेली नव्हती. अनेकजण दहा-दहा वर्षं, काही त्याहून जास्त काळ त्याच रस्त्यावर होती. भीक मागणारे फार थोडे, कष्ट करून खाणारे जवळजवळ सगळे. गावाकडची जमीन नव्हती किंवा असून नसल्यासारखी होती.

अहवालापेक्षा मला पाहणीची रीत जास्त महत्त्वाची वाटते. प्रश्न विचारायला वस्तीतल्या बायकाच बरोबर होत्या. त्यामुळे लपवाछपवी कमी झाली, आणि दुसरं म्हणजे एका रस्त्यावरच्या बाईला चार रस्ते पलीकडची बाई पहिल्यांदा भेटली. तोवर प्रत्येक ओळ स्वतःपुरती होती. पालिकेची गाडी सोफिया झुबेर रोडवर आली तर पलीकडच्या रस्त्यावरचे लोक हुश्श करायचे, आज आपण वाचलो म्हणून.

रुपया-दोन रुपयांची फेरी

1986 च्या सुमाराला या बायकांनी आपल्या मंडळाला नाव दिलं: महिला मिलन. त्याच काळात जोकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, त्यांच्याशी जोडली गेली. जोकिन मूळचे कोलार सोनखाणीच्या भागातले. 1963 साली मुंबईत आले ते मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहिले. 1976 साली ती अख्खी वस्ती, सत्तर हजार माणसं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारून उचलून चित्ता कॅम्पला हलवली गेली. मोर्चे, घेराव, न्यायालय सगळं करून शेवटी हरलेला हा माणूस होता. 2000 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण भायखळ्यात ते आले तेव्हा त्यांच्या गाठीला मोठा पराभव होता, आणि मला वाटतं त्याचाच उपयोग झाला. पुरुष पुढारी मोर्चात पुढे असतात, पाडापाडीच्या सकाळी झोपडीत बायका असतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं.

बचतीची गोष्ट आता जरा तपशिलात.

आपल्याकडे भिशी सगळ्यांना माहीत आहे, आणि बचत गट तर गावोगाव. दोन्हींत साधारण महिन्याचा हप्ता ठरलेला असतो. फूटपाथवर महिन्याचा हप्ता चालत नाही, कारण तिथे महिन्याचा पगार नाही. हमालीचे पैसे त्या दिवशी मिळतात आणि त्या दिवशीच जातात. रात्री उशाखाली ठेवले तर चोरीला जातात, नाहीतर नवऱ्याच्या दारूत. म्हणून महिला मिलनने रोजची बचत धरली. दहा-पंधरा झोपड्यांमागे एक बाई, तीही त्याच ओळीत राहणारी. ती रोज दारोदार फिरणार. कुणी रुपया देईल, कुणी पाच, कुणी काहीच नाही. नाही दिलं तरी चालेल. उद्या पुन्हा येईन.

गोळा करणारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि देणारीलाही नाही. मग हिशेब कसा? प्रत्येक कुटुंबाची एक प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे. एकेका रकमेला एकेक रंग ठरलेला. बाईने पैसे दिले की त्या रंगाचा तुकडा पिशवीत पडायचा. पिशवी उलटी केली की कुणीही तुकडे मोजून सांगावं, किती जमले. नंतर कार्यालयात एखादी शिकलेली मुलगी ते वहीत उतरवायची. वही चुकली असं वाटलं तर पिशवी आहेच. पासबुक वाचता न येणारी बाई बँकेत कारकुनाच्या शब्दावर अवलंबून राहते. इथे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं.

या पैशातून अडीनडीची कर्जं सुरू झाली. मूल रुग्णालयात, घरात धान्याचा दाणा नाही, गावाहून मयताचा निरोप आलाय आणि गाडीभाडं नाही, नवऱ्याला पोलिसांनी उचललंय, पालिकेने प्लॅस्टिक आणि बांबू नेलेत. अशा वेळी आधी सावकार होता, नाहीतर किराणावाला. महिला मिलनकडे तारण नव्हतं, अर्जही नव्हता. कर्ज द्यायचं की नाही हे त्या ओळीतल्या बायका ठरवत. आणि त्यांना ठरवता येत होतं ते त्या फेरीमुळेच. रोज दारात उभं राहणाऱ्या बाईला कोणाची चूल पेटली नाही हे कळतं. कोण खरंच अडलंय आणि कोण बनाव करतंय, हे बँकेच्या अधिकाऱ्याला पंधरा कागद पाहून कळत नाही ते तिला एका नजरेत कळतं. सलग आठवडाभर एका झोपडीतून पैसे आले नाहीत, तर वसुलीची चिंता करण्याआधी ती आत डोकावून पाहते.

म्हणून मी म्हणतो, ती बचत दिसायला पैशांची होती. तिच्या निमित्ताने भरत होती ती रोजची हजेरी. सामाजिक कार्यात ‘पोहोच’ म्हणून जे काही सांगितलं जातं, पगारी कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा वस्तीत जाणं वगैरे, त्याची या फेरीशी तुलनाच होत नाही. कार्यकर्ता पाच वाजता घरी जातो. ही बाई कुठे जाणार? तिची झोपडी चौथी.

रेशन कार्यालय, पोलीस ठाणं आणि गाडी

फेरीतून जी जवळीक झाली तिचा पहिला वापर रेशनकार्डासाठी झाला. फूटपाथचा पत्ता म्हणजे पत्ता नाही, असं कार्यालयातून सांगितलं जायचं. एकटी बाई गेली की खिडकीवरून हाकलली जायची. मग बायका घोळक्याने गेल्या. कुठला अर्ज, कोण साहेब, कुठल्या वारी बसतो, कुठे काय बोलायचं नाही, हे एकीने शिकायचं आणि दुसरीला घेऊन जायचं. संस्थेच्या लोकांनी जाऊन कार्डं काढून आणली असती तर काम लवकर झालं असतं, यात शंका नाही. पण मग पुढच्या वेळीही त्यांनाच जावं लागलं असतं.

पोलीस ठाण्याचंही तसंच. परिसरात चोरी झाली की फूटपाथवरची पोरं उचलायची, ही रीत. बायका आधीच, काही झालेलं नसताना, ठाण्यात जाऊन ओळख करून देऊ लागल्या. आम्ही इथे राहतो, आमच्यापैकी कोण काय काम करतं ते हे. ओळखीच्या माणसावर हात उगारणं जरा अवघड जातं.

आणि पाडापाडी. 1 नोव्हेंबर 1985 ला शहरभर एकदम कारवाई होईल अशी भीती होती, तशी ती झाली नाही. गाड्या मात्र पुढेही येत राहिल्या, कधी या रस्त्यावर, कधी त्या. पथक आलं की पळापळ, रडारड, दगडफेक, लाठी हा ठरलेला क्रम. नुकसान झोपडी मोडल्याने जितकं व्हायचं त्याहून जास्त सामान जप्त झाल्याने. बांबू, प्लॅस्टिक, भांडी, कागदपत्रं सगळं गाडीत, आणि पुन्हा उभं करायला कर्ज. महिला मिलनने यावर जो तोडगा काढला तो वरवर शरणागतीसारखा दिसतो. बायकांनी पथकाच्या अधिकाऱ्यांशी बोलून ठरवलं की आमच्या झोपड्या आम्हीच उतरवतो, तुम्ही हात लावू नका, सामान आमचं आम्हाला राहू द्या. पथकाचं कागदावरचं काम झालं. बायकांचे बांबू वाचले. गाडी वळली की झोपडी पुन्हा उभी.

यावर त्या काळी आणि नंतरही टीका झाली. रस्त्यावर उतरून लढणाऱ्या संघटनांना हे तडजोडीचं राजकारण वाटलं. सरकारशी बोलणी करणारे गरिबांचा राग बोथट करतात, असा आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही. पण ज्या बाईचा संसार तिसऱ्यांदा गाडीत गेलाय, तिने चौथ्यांदा तो वाचवला याला शरणागती म्हणताना मी दहादा विचार करीन.

घर कसं असावं

पुढचा प्रश्न बायकांनीच काढला. हे किती दिवस? जागा मिळाली तर घर कसं हवं? त्यांनी स्पार्कच्या लोकांबरोबर शहरात मोकळ्या जमिनी पाहत फिरायला सुरुवात केली. विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी आरक्षित दाखवलेल्या जागा. पाहतात तर काही जागांवर भलतंच काही उभं राहिलेलं. तरी मोकळी जमीन मुंबईत नाहीच, हे जे सरकारी पालुपद होतं ते तितकंसं खरं नाही, हे त्यांना स्वतः फिरून कळलं. आणि ते त्यांनी बैठकांमध्ये बोलूनही दाखवलं.

घराचा नमुनाही त्यांनीच केला. मापं घ्यायला साडी. कागदावरचे फूट-इंच डोक्यात बसत नव्हते, साडी किती लांब हे मात्र प्रत्येकीला माहीत. जमिनीवर पसरून, दोरीला टांगून त्यांनी खोलीचा अंदाज घेतला. चर्चेतून जे ठरलं ते वास्तुविशारदांच्या नेहमीच्या आराखड्यापेक्षा वेगळं होतं. छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे आत माळा टाकता येईल. तेवढ्याच जागेत झोपायला दुसरा मजला. चाळीत राहिलेल्या कुणाही मराठी माणसाला पोटमाळ्याची किंमत वेगळी सांगायला नको. संडास घराच्या आत असावा यावर बराच खल झाला, आणि सामायिक असला तरी चालेल पण नीट पाण्याचा हवा, असा कौल पडला. घर बाईच्या नावावर, यावर मात्र मतभेद नव्हता.

मग कापड, लाकूड, पुठ्ठा वापरून खऱ्या मापाचं घर भायखळ्यात उभं केलं आणि लोकांना बोलावलं. इतर वस्त्यांतले लोक आले, अधिकारी आले. एरवी साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणारी बाई इथे साहेबाला आत नेऊन सांगत होती की माळ्याला शिडी कुठून लागणार. हे प्रदर्शन पुढे ठिकठिकाणी झालं. घरासाठीची बचत अडीनडीच्या बचतीपासून वेगळी ठेवली, ती बँकेत. तिला हात लावायचा नाही, असा दंडक.

जमीन मिळायला किती वेळ लागला ते सांगितलं की या कामाचा खरा अंदाज येतो. राज्य सरकारने फूटपाथवासीयांना पुनर्वसनाला पात्र धरलं ते 1995 साली, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नव्या धोरणात. अट अशी की 1 जानेवारी 1995 च्या आधीचा पुरावा हवा. 1985 च्या पाहणीपासून पुढे काढलेली रेशनकार्डं, याद्या आणि वह्या इथे कामी आल्या. मानखुर्दला मिळालेल्या जमिनीवर ‘मिलन नगर’ उभं राहिलं आणि भायखळ्याच्या फूटपाथवरची पहिली कुटुंबं तिथे राहायला गेली, तोवर 1985 पासून जवळपास दोन दशकं गेली होती. नमुना करताना ज्यांच्या कडेवर मुलं होती, त्यांतल्या कित्येकींना नातवंडं झाली.

जमेची बाजू, आणि दुसरी

भायखळ्याची रीत पसरली, हे निर्विवाद. 1999 नंतर पुण्यात पालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांत सामुदायिक शौचालयं बांधण्याचा मोठा कार्यक्रम घेतला, त्यात महिला मिलनच्या गटांनी बांधकामाचे ठेके घेतले. विटा-सिमेंटचा भाव काढणं, मिस्त्रीशी भांडणं, वही ठेवणं हे सगळं बायकांनी केलं. नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या बेघरांच्या संघटनेने भायखळ्यात येऊन बचतीची फेरी पाहिली आणि तिकडे सुरू केली. 1996 साली अशा देशोदेशींच्या संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघही झाला.

दुसरी बाजूही तेवढीच ठाशीव आहे. मानखुर्द भायखळ्यापासून चालत जायच्या अंतरावर नाही. ज्या बाईची चार घरची कामं सोफिया झुबेर रोडच्या आसपास होती, तिला हार्बरची गाडी पकडून रे रोड किंवा डॉकयार्ड रोडला उतरावं लागतं, म्हणजे पास आला आणि जाण्या-येण्याचे दोन तास आले. पहाटेचं एखादं काम सुटतंच. फूटपाथवर लाइटबिल नव्हतं, देखभालीची वर्गणी नव्हती. छप्पर मिळालं की खर्चही मिळतो, हे घरं देणाऱ्यांच्या हिशेबात क्वचित धरलेलं असतं.

तारखेच्या अटीचंही तेच. एखादा मुलगा 1995 आधीपासून फूटपाथवर आहे, पण त्याच्याकडे कागद नाही कारण कागद बापाच्या नावावर. 1996 साली लग्न होऊन आलेली सून आणि तिची मुलं एकाच पात्र कुटुंबात मोजली गेली आणि एका खोलीत कोंबली गेली. कोणी पात्र आणि शेजारचा अपात्र, अशी एकेका ओळीची फाळणी झाली. रोजच्या फेरीने जे जोडलं होतं ते यादीने पुन्हा तोडलं. यात महिला मिलनचा दोष किती आणि धोरणाचा किती, यावर वाद होऊ शकतो. मी बहुतेक धोरणाकडे बोट दाखवीन, पण पात्र-अपात्र यादी बनवण्यात वस्तीच्याच संघटनेने हात घातला की शेजारणीचा राग शेजारणीवरच निघतो, हेही खरं.

एकट्या माणसांचा प्रश्न तर या कामात फारसा आलाच नाही. महिला मिलनची बांधणी संसार असलेल्या, एका जागी टिकून असलेल्या कुटुंबांची. उड्डाणपुलाखाली झोपणारा एकटा हमाल, घरातून हाकललेला म्हातारा, मनोरुग्ण बाई यांच्या दारात रोज जायचं तर दार कुठे आहे? त्यांच्यासाठी निवारागृह हीच वाट उरते.

निवारे आणि मोजणी

त्या निवाऱ्यांबद्दल थोडं. 2009 च्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रोडवरचा रात्रनिवारा पाडला गेला, थंडीत माणसं उघड्यावर आली, आणि अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हा विषय हाती घेतला. त्यातून निघालेला निकष असा: शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, वर्षभर, चोवीस तास चालू. 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची योजनाही आली. 2011 च्या जनगणनेतली मुंबईची सव्वा कोटीच्या घरातली लोकसंख्या धरली तर या निकषाने सव्वाशे निवारे हवेत. शहर त्याच्या आसपासही पोचलेलं नाही.

संख्या भरली तरी फूटपाथवरचं कुटुंब तिथे जाईलच असं नाही. बहुतेक निवाऱ्यांत बाप्ये वेगळे, बायका वेगळ्या. वयात आलेला मुलगा आईजवळ राहू शकत नाही. गाठोडं, शेगडी, हातगाडी कुठे ठेवायची? आणि फूटपाथवरची जागा एक रात्र सोडली की दुसरा बसतो. तुळशीवाडीच्या त्या संगमनेरकराने तीनशे रुपये कशासाठी मोजले होते ते इथे लक्षात घ्यावं. निवारा चालवायला घेणाऱ्या संस्थांनी आधी महिना-दोन महिने त्या रस्त्यावर रोज संध्याकाळी फेरी मारावी, मग ठरवावं की खाटा किती आणि कुलूपबंद पेट्या किती, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्याच जास्त लागतील.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर मोजले गेले, मुंबईत साधारण 57 हजार. फूटपाथ ज्यांनी पायाखाली घातलेत त्यांना हा आकडा फार कमी वाटतो, आणि कारण व्याख्येत आहे. उघड्यावर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळात झोपणारा बेघर. पण डोक्यावर प्लॅस्टिक बांधून तीन बाजूंनी पोतं लावलं की ते ‘घर’ धरायचं की नाही, हे बरंचसं मोजणाऱ्याच्या नजरेवर. 1976 ला फूटपाथवरची झोपडी झोपडपट्टीत बसत नव्हती. जनगणनेत तीच झोपडी बेघरांतही बसत नाही.

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरलेला आहे, आणि बेघरांची मोजणी शेवटच्या टप्प्यात एका रात्रीत करायची पद्धत आहे. 2011 ला ती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. मोजणारे बहुधा शिक्षक आणि पालिकेचे कर्मचारी असतात. दिवसभराचं काम उरकून ते रात्री रस्त्यावर उतरतात आणि कोण कुठे झोपतं हे त्यांना ठाऊक नसतं. मंडईच्या ओट्यावर अकरा वाजता कुणी नसतं आणि दोन वाजता चाळीसजण असतात. हे ठाऊक असणाऱ्या बायका प्रत्येक वॉर्डात आहेत. त्या रात्री दोन गणकांमागे अशी एक बाई, तिला रीतसर भत्ता आणि गळ्यात ओळखपत्र, एवढं जरी वॉर्ड कार्यालयांनी केलं तरी ई वॉर्डाचा आकडा वेगळा येईल.